दादूस, तू प्यायला नव्हतास

दादूस,

अक्षरं मोठी करून घे आणि उजेडात बसून वाच. भरतीच्या पाण्यात संध्याकाळी एकटाच उतरलास म्हणे! काय बोलू आता तुला?

तू चालायला लागलास तेव्हा दीड वर्ष उलटून गेलं होतं. आजीचं ठरलेलं उत्तर: आईसने पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली. पुढे होळीच्या रात्री झोकांड्या खात आलास, तर अर्ध्या कोळीवाड्याने ठरवून टाकलं, पोरगा ढोसून आलाय. थेंबाला शिवला नव्हतास तू! किती भांडलास हातवारे करून, पण तुझी खूण वाचायला मी सोडून होतंच कोण?

अशर सिंड्रोम, पहिला प्रकार. नाव कळेपर्यंत तुझी तिशी आली. तुझ्या कानांची तपासणी झाली, मग डोळ्यांची. तोलाचं कुणी विचारलंच नाही. आतल्या कानात ऐकण्याच्या शंखाला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन इवल्या पिशव्या असतात. मान वळली, शरीर कललं, वर कुठे, खाली कुठे, हे तिथल्या केसाळ पेशी मेंदूला कळवतात. तुझ्या त्या पेशी जन्मापासूनच गप्प. जनुक एकच बिघडलेलं, पण ते ऐकण्याला लागतं, तोलाला लागतं, डोळ्याच्या पडद्यालाही लागतं. आईस आणि बापूस, दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत तुला आली. त्यांना स्वतःला काहीच त्रास नाही. हा आजार घराण्यातून येतो हे चार्ल्स अशर नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने 1914 मध्येच मांडलं होतं. आईस मात्र जन्मभर त्या भाजीचे टोमणे खात राहिली.

म्हणजे इतकी वर्षं तू नुसत्या डोळ्यांवर आणि तळपायांवर तोल सांभाळलास. दिवसाउजेडी हलत्या होडीत चढायचास, तेव्हा तुझी नजर किनाऱ्यावरच्या एखाद्या खांबाला चिकटलेली असायची. मला वाटायचं, ऐट करतोयस. आता रात्रीचं दिसत नाही, कडेचंही गेलं. त्यात वाळूत पाय रुतला की जमीन कळत नाही. आणि पाण्याखाली? तिथे पायाला टेकू नाही, डोळ्यांपुढे गढूळ काळोख. वर कुठे ते तुला कळणारच नाही, राजा. तुझ्या दंडात ताकद आहे, पण ती उलट्या दिशेला लागली तर?

लाल पट्ट्यांची पांढरी काठी कपाटामागे का ठेवलीस? कोळ्याच्या पोराला काठी शोभत नाही, असंच ना? फाटलेलं जाळं तू बोटांनी चाचपून सांधतोस, तेव्हा नाही कमीपणा वाटत!

रागवू नकोस. बोलणं ओठांशिवायही होतं, हे मला तूच शिकवलंस. रात्री दिवा गेला की माझ्या तळहातावर अक्षरं काढून गोष्टी सांगायचास, त्यातल्या निम्म्या भुताच्या.

तुझ्या दाखल्यावर अजून नुसतं ‘कर्णबधिर’ लिहिलंय. 2016 च्या कायद्यात बधिरांधत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. दाखला बदलून घ्यायला सोमवारी रजा टाकलीय मी. डोळ्यांचे रिपोर्ट, आधार कार्ड आणि फोटो काढून ठेव. या वेळी तोलाचंही आपणच विचारू.

तुझी,
धाकटी