नाकाचे पाणी

आमच्या यवतमाळकडे दिवाळी आटोपली की दोन गोष्टी एकदमच सुरू होतात, जिनिंगमधला कापसाचा धुरळा आणि माझे नाक. कपाळ जड, डोळ्यांमागे ठणका, आणि सरांचे व्याख्यान ऐन रंगात आले असताना नेमक्या माझ्या शिंका! डॉक्टरांनी सायनसचे निदान केले. औषधांच्या जोडीला मीठपाण्याने नाक धुण्यास सांगितले, आणि पहाटेच्या योगवर्गात मी जलनेती शिकलो.

गंमत अशी की, ‘हठयोगप्रदीपिके’तली नेती दोऱ्याची आहे. नाकाने पाणी ओढण्याची क्रिया ‘घेरंडसंहिते’त आढळते, पण तीही कपालभातीचा एक प्रकार म्हणून. असो. आता तोटीचे भांडे जगभर पोचले आहे, आणि मला सांगायचे आहे ते भांड्याविषयी नाही, त्यातल्या पाण्याविषयी.

2011 साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात दोन माणसे अशा भांड्याने नाक धुतल्यावर मेंदूच्या आजाराने दगावली. पाणी घरच्याच नळाचे होते. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा नाकात वर चढला की गंधाच्या नसेवाटे मेंदू गाठतो, आणि मग रोगी क्वचितच वाचतो. असे फार विरळा घडते, हे खरे. परंतु 2024 मध्ये केरळात नदी-तळ्यात उतरलेली मुले अशाच आजाराने गेली. या जिवाला कोमट, साचलेले पाणी मानवते, आणि मे महिन्यातली आमची गच्चीवरची टाकी म्हणजे दुसरे काय असते? 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले, तेव्हा तर घरोघरी ड्रममध्ये पाणी दिवसेंदिवस साठवलेले होते.

माझे मामा जिनात कामाला आहेत. त्यांचे नाक माझ्याहून बेजार. माझे पाहून तेही नेती करू लागले, पण सरळ ड्रममध्ये तांब्या बुडवून. मी अडवले, तर म्हणाले, “काहून बे? जे पानी पोटाले चालते, थे नाकाले काहून चालत नाही?”

“मामा, पोटातून त्या किड्याले मेंदूची वाट नाही. नाकातून आहे.”

“तुरटी फिरवली ना म्या.”

तुरटीने गाळ खाली बसतो, अमीबा मरत नाही. फडक्यानेही तो अडत नाही. पाणी खळखळ उकळल्यावर निदान एक मिनिट तसेच उकळू द्यावे, झाकून कोमट होऊ द्यावे, आणि भांडेही उकळलेल्या पाण्याने धुऊन कोरडे ठेवावे. अर्धा लिटर पाण्याला लहान चमच्याने पाऊण चमचा मीठ पुरते. नुसत्या पाण्याने नाक चुरचुरते, ते मिठाअभावीच. पाणी वाहत असताना श्वास तोंडाने घ्यावा. नंतर वाकून, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हळूच शिंकरावे. एक दाबून जोराने शिंकरले तर पाणी कानाकडे जाते. नाक पार चोंदलेले असेल किंवा कान दुखत असेल, तर त्या दिवशी नेती नकोच.

मामा कुरकुरले, पण मामीला पटले. रात्री स्वयंपाक आटोपला की ती अर्धा लिटर पाणी उकळून झाकणाच्या गंजात ठेवते. घरात त्याला कोणी हात लावीत नाही. पहाटे मामांचा आवाज येतो, “नाकाचं पानी कुठी ठेवलं वं?”