कडी न लावता

मला फिट आली तेव्हा मी तिथे नव्हते. म्हणजे होते, पण त्या सकाळचं मला जे ठाऊक आहे ते सगळं दुसऱ्यांनी सांगितलेलं. मेसमध्ये पोह्यांची प्लेट हातात घेऊन उभी होते, इथपर्यंत माझं. त्यानंतर थेट चपलेचा वास, आणि लगेच कांद्याचा. डोळे उघडले तर मेसच्या काकू, रूममेट आणि दोन अनोळखी मुलं माझ्यावर वाकलेली. माझ्या मुठीत कुणाच्या तरी गाडीच्या किल्ल्या कोंबलेल्या. जिभेची कड चावली गेली होती आणि खालच्या दाताचा टवका उडाला होता, कारण दातखीळ सोडवायला कुणीतरी चमचा घातला होता. अंग असं दुखत होतं की जणू दिवसभर ज्वारी काढलीय.

मी बार्शीची. वय २३. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करत होते. पूर्वपरीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. रात्री दोनला अभ्यासिकेतून यायचं आणि सकाळी सहाला पुन्हा जागा पकडायला जायचं. चार तासांची झोप ही आमच्यात मिरवायची गोष्ट होती.

जवळच्या दवाखान्यात सलाईन लावलं, ‘अशक्तपणा’ असं लिहिलं आणि घरी पाठवलं. मीही खूश. अशक्तपणाला कोण घाबरतं? पण रूममेटनं ते झटके पाहिले होते. ती मला ओढतच न्यूरॉलॉजिस्टकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी फिटबद्दल तिलाच विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सकाळी उठल्यावर हातातून वस्तू उडतात का?”

पडतात का, असं नाही. उडतात का. मी नाही म्हणणार तेवढ्यात रूममेट हसली आणि मग एकदम गप्प झाली. दोन वर्षं आमच्या खोलीत तो विनोद होता. सकाळी माझा ब्रश बेसिनमध्ये उडायचा. चहाच्या कपाला हिसका बसून चहा भिंतीवर जायचा. “आला हिचा करंट,” असं म्हणून सगळ्या हसायच्या, मीही हसायचे. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, “धांदरट आहेसच तू लहानपणापासून.” तो करंट म्हणजेच आजार होता. फिट ही फक्त त्याची मोठी आवृत्ती.

ईईजीला आदल्या रात्री कमी झोपून यायला सांगितलं होतं. त्यात मी पटाईत. डोक्याला चिकट पेस्ट लावून वायरी जोडल्या, डोळ्यांसमोर दिवा फडफडवला, तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावले. ती पेस्ट तीनदा न्हायलं तरी केसांतून निघत नव्हती. एमआरआय स्वच्छ आला, ईईजी नाही. ज्युवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे अपस्माराचाच एक प्रकार. बहुतेकांना तो किशोरवयात सुरू होतो, झटके सकाळी उठल्यावर येतात आणि झोप मोडली की उफाळतो. गोळ्यांनी छान आटोक्यात राहतो, पण गोळ्या बहुधा कायमच्या. डॉक्टर आईला समजावत होते, की व्हॅल्प्रोएट नावाचं यावरचं जुनं औषध चांगलं आहे, पण गरोदरपणात बाळाला त्याचा धोका असतो, म्हणून हिला लेव्हेटिरासिटाम देतोय. एवढ्या बोलण्यातून आईनं नेमकं एक वाक्य उचललं. “म्हणजे लग्न करता येईल ना?”

मला तेव्हा तिचा संताप आला. आता वाटतं, बिचारी बसनं रात्रभर प्रवास करून आली होती, आणि तिला तेवढाच प्रश्न माहीत होता.

गोळी सकाळी ९ ला आणि रात्री ९ ला. ती घेणं अजिबात अवघड नाही. अवघड आहे ती बाथरूमची कडी. आईनं निघताना बजावलं, आंघोळीला जाताना कडी लावायची नाही. आत पडलीस तर दार तोडत बसायचं का? बरोबरच होतं. पण आठ मुलींच्या मजल्यावर, तेविसाव्या वर्षी, कडी न लावता आंघोळ करून बघा. पहिले पंधरा दिवस मी एका हातानं दार धरूनच अंगावर पाणी घेतलं. शेवटी रूममेटनं मुठीला एक लाल रिबन बांधली. रिबन असली की मी आत. आता ती रिबन विटून गुलाबी झालीय.

पहिले दोन महिने मी कुणावरही खेकसायचे. भाऊ फोनवर जोरात हसला म्हणून फोन आपटला. या गोळीनं काहींची चिडचिड वाढते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण चिडलेल्या माणसाला ते आठवत नाही. हळूहळू कमी झालं.

गावाकडे मात्र मला ‘चक्कर’ येते. आईनं तसं ठरवलं. मावशीनं देवऋषी सुचवला, आई तुळजापूरला जाऊन नवस बोलून आली, आणि दोन्ही वेळा गोळी घेतली का हेही तीच विचारते. तिला यात काही विसंगत वाटत नाही. नवरात्रात उपास नाही, कोजागरीला जागरण नाही, हेही तिनंच जाहीर करून टाकलं.

राज्यशास्त्राबरोबर कायदे वाचावे लागतात म्हणून कळलं, की १९७६ च्या दुरुस्तीनं हिंदू विवाह कायद्यात वेडाचे आणि अपस्माराचे झटके एकाच ओळीत बसवले होते आणि वारंवार झटके येणाऱ्याचं लग्न त्या कारणावरून रद्द ठरवून घेता येत होतं. त्यातला अपस्मार १९९९ मध्ये काढला. ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “कायद्यातून काढला असेल गं. बार्शीतून कोण काढणार?”

याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. लायसन्सच्या अर्जात अपस्मार आहे का, असा थेट प्रश्न असतो. तिथे मी खोटं लिहिणार नाही, एवढं ठरवलंय. स्कूटी भाऊ चालवतो.

पूर्वपरीक्षा दिली. पहिल्यांदाच सात तास झोपून. नापास झाले, तेही नेहमीसारखंच.

मेसमध्ये मात्र मी सगळ्यांना सांगून टाकलं, काकूंना सगळ्यात आधी. त्या ओशाळल्या. म्हणाल्या, “अगं, आमच्याकडे चप्पलच हुंगवतात.” मी त्यांना जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. चप्पल पायात राहू द्या आणि चमचा ताटात. तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, माणसाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटं उलटली तर १०८ ला फोन करा. आणि शुद्ध आली की गर्दी हटवून एकानं शेजारी बसून राहा. त्या माणसाला काहीच आठवत नसतं, कुणीतरी सांगावं लागतं.