जागेवर आणि पोहोच

मराठी मुलखातल्या धान्यबाजारात भाव दोन तऱ्हांनी बोलला जातो, एक 'जागेवर' आणि दुसरा 'पोहोच'. जागेवरच्या भावात माल विकणाऱ्याच्या दारात उभा असतो आणि तिथून पुढची हमाली, भाडे आणि वाटेतली तूट घेणाऱ्याच्या माथी असते, तर पोहोच भावात विकणाऱ्याने तोच माल घेणाऱ्याच्या गोदामात आणून टाकायचा असतो. या दोन शब्दांच्या मधे जो रस्ता पसरलेला असतो, त्याचा कोणता तुकडा कोणाच्या खर्चाचा आणि कोणता कोणाच्या जोखमीचा, हे ठरवणाऱ्या शर्तींना माल सुपूर्द करण्याच्या शर्ती म्हणतात. करारात त्या तीन अक्षरांत आणि एका गावाच्या नावात मावतात, आणि बहुधा म्हणूनच भावावर दिवसभर घासाघीस करणारे लोक त्या न वाचताच सही करून मोकळे होतात.

रायपूरच्या दक्षिणेला धमतरीच्या रस्त्यावर असलेले अभनपूर हे या शर्तींचा अभ्यास करण्याजोगे गाव आहे, कारण ते समुद्रापासून पाचशे किलोमीटरांच्या आसपास आत आहे आणि त्याच्या आसमंतातला मुख्य माल, म्हणजे धान आणि तांदूळ, दूरवर जाणारा आहे. बंगाल नागपूर रेल्वेची रायपूर ते धमतरी ही अडीच फूट रुंदीची अरुंदमापी लोहवाट १९०० साली सुरू झाली आणि तिची राजिमकडे जाणारी शाखा अभनपूरलाच फुटत असे. ज्यांनी ही छोटी गाडी पाहिली आहे त्यांना तिचे कौतुक वाटते, पण मालाच्या दृष्टीने त्या लोहवाटेची खरी गोष्ट रायपुरात होती. तिथे अरुंदमापी डब्यातली गोणी उतरवून रुंदमापी वाघिणीत चढवावी लागे, आणि हमालाच्या आकडीने तागाची गोणी जिथे उसवते, दाणा जिथे सांडतो, पावसाची सर जिथे गाठते, ती जागा हीच.

अशा वाटेवर 'एफ.ओ.आर.' ही शर्त किती अर्थांनी वापरता येते ते पाहण्यासारखे आहे. ही अक्षरे मुळात 'फ्री ऑन रेल' या शब्दांची, म्हणजे माल रेल्वेच्या डब्यात भरून देईपर्यंतचा खर्च विकणाऱ्याचा. मात्र भारतातल्या वहिवाटीत या अक्षरांपुढे कधी माल निघण्याच्या स्थानकाचे तर कधी माल पोहोचण्याच्या स्थानकाचे नाव लिहिले जाते, आणि नाव बदलले की अर्थ जवळजवळ उलटा होतो. 'एफ.ओ.आर. अभनपूर' असे लिहिले असेल तर रायपूरच्या फलाटावर उसवलेली गोणी घेणाऱ्याची, आणि 'एफ.ओ.आर. नागपूर' असे लिहिले असेल तर सामान्यतः तीच गोणी विकणाऱ्याची. करारात स्पष्टता नसेल तर माल विक्री अधिनियम, १९३० याचा आधार घ्यावा लागतो. त्याच्या कलम २६ नुसार जोखीम प्रथमदर्शनी मालकीच्या मागोमाग जाते, आणि कलम ३९ नुसार घेणाऱ्याकडे पाठवण्यासाठी माल वाहतूकदाराच्या हवाली करणे हे घेणाऱ्याच्याच हवाली केल्यासारखे मानले जाते. भाडे कोणी भरले, बिल्टी 'पेड' आहे की 'टू-पे', यावरून जोखीम ठरते ही बाजारातली समजूत फार रुजलेली आहे आणि ती साफ चुकीची आहे. भाडे एकाने भरावे आणि वाटेतले नुकसान दुसऱ्याने सोसावे, ही रचना कायद्याला पूर्ण मान्य आहे आणि सागरी व्यापारात तर ती रोजची आहे.

देशाबाहेरच्या व्यवहारात हीच भाषा पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने बांधून दिली. १९१९ साली स्थापन झालेल्या या मंडळाने १९३६ मध्ये 'इन्कोटर्म्स' या नावाने शर्तींचा पहिला संच प्रसिद्ध केला आणि वेळोवेळी सुधारत आणलेली त्याची सध्याची आवृत्ती २०२० ची आहे. तीत अकरा शर्ती आहेत. सात कोणत्याही वाहतुकीला चालणाऱ्या आणि चार केवळ जलमार्गासाठी. त्यांची पाठांतरे पुष्कळ होतात, परंतु मर्म इतकेच आहे की प्रत्येक शर्तीत जोखीम हस्तांतरित होण्याचा बिंदू आणि खर्चाची हद्द संपण्याचा बिंदू असे दोन बिंदू असतात, आणि 'सी' या अक्षराने सुरू होणाऱ्या चार शर्तींत हे दोन बिंदू एकमेकांपासून हजारो मैल दूर असू शकतात. मालकी कधी बदलते आणि पैसे कधी द्यायचे, याविषयी या शर्ती काहीच सांगत नाहीत. ते करारात वेगळे लिहावे लागते.

यांतली सर्वांत जुनी आणि सर्वांत लाडकी शर्त 'एफ.ओ.बी.', म्हणजे विकणाऱ्याने माल निर्यात-परवान्यासह, ठरलेल्या बंदरात, घेणाऱ्याने नेमलेल्या जहाजावर चढवून द्यायचा. जहाजाच्या कठड्यावरची काल्पनिक उभी रेषा ओलांडली की जोखीम बदलते, असा तिचा अर्थ दीर्घकाळ लावला गेला. या रेषेचा पोकळपणा ज्या खटल्यात उघडा पडला तो मुंबईच्या एका जहाज कंपनीशी निगडित आहे. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद जिच्या संस्थापकांपैकी एक, त्या सिंदिया कंपनीच्या 'जलआझाद' या जहाजावर लंडन बंदरात भारत सरकारने एफ.ओ.बी. शर्तीवर घेतलेला अग्निशामक बंब चढवला जात होता. यारीने उचललेला बंब कठडा ओलांडण्याआधीच खाली पडला, त्याच्या दुरुस्तीचा खर्च ९६६ पौंड आला, आणि कठडा ओलांडला नसल्यामुळे ते नुकसान विकणाऱ्याच्या अंगावर पडले. १९५४ च्या निकालात न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी कंपनीची जबाबदारी २०० पौंडांच्या मर्यादेत धरली, आणि यारीच्या टोकाला झुलणाऱ्या मालाबरोबर कायदेशीर जबाबदारीही इकडून तिकडे झुलते ही कल्पना अवास्तव असल्याचे सुचवले. इन्कोटर्म्समधून मात्र ही रेषा २०१० च्या आवृत्तीतच गेली. आता माल जहाजावर प्रत्यक्ष ठेवला गेला की जोखीम बदलते.

कठडा गेला, पण सवय गेली नाही. समुद्रापासून दूर असलेल्या गावाला ही सवय महाग पडते, आणि या लेखातला मुख्य आग्रह याच मुद्द्याचा आहे. अभनपूर परिसरातल्या एखाद्या गिरणीने तांदूळ कंटेनरमध्ये भरून नवा रायपूरच्या कंटेनर आगारात दिला, तर दार लावून सील ठोकल्यानंतर त्या मालावर तिचा कसलाही ताबा उरत नाही. तरीही करारात 'एफ.ओ.बी. विशाखापट्टणम' लिहिले असेल, तर आगारातला मुक्काम, रेल्वेचा प्रवास, बंदरातली रांग आणि जहाज चुकले तर पुढच्या जहाजापर्यंतची वाट, ही सगळी जोखीम गिरणीचीच राहते. तिथे 'एफ.सी.ए.' ही शर्त योग्य ठरते. 'फ्री कॅरियर' असा तिचा विस्तार असून, घेणाऱ्याने नेमलेल्या वाहतूकदाराच्या हाती ठरलेल्या जागी माल दिला की विकणाऱ्याची जोखीम तिथेच संपते. कंटेनरच्या मालाला एफ.ओ.बी. वापरू नये असे वाणिज्य मंडळ स्वतः सांगत आले आहे. तरी व्यापारी एफ.ओ.बी. सोडत नसत, याचे एक रास्त कारण होते: पतपत्रावर पैसे देणारी बँक 'माल जहाजावर चढला' असा शेरा असलेले भरणपत्र मागते, आणि आगारात माल देऊन मोकळ्या झालेल्या विक्रेत्याला ते मिळवणे कठीण जाई. २०२० च्या आवृत्तीने एफ.सी.ए.मध्ये ही सोय केली असून, दोन्ही पक्षांनी ठरवले तर घेणाऱ्याने आपल्या वाहतूकदाराला तसे भरणपत्र विक्रेत्याला देण्यास सांगायचे असते.

गोण्यांतून सुटा जाणारा तांदूळ ही मात्र निराळी बाब आहे. बिगर-बासमती तांदळाच्या निर्यातीसाठी प्रसिद्ध असलेल्या काकीनाडा इथल्या नांगर-बंदरात जहाज धक्क्याला लागत नाही. ते खोल पाण्यात नांगर टाकून उभे राहते आणि गोण्या बार्जमधून, म्हणजे सपाट तळाच्या पडावांतून, त्याच्यापर्यंत नेल्या जातात. एफ.ओ.बी.चा बिंदू जहाजावर असल्यामुळे धक्का ते जहाज हा पाण्यावरचा छोटा टप्पाही विक्रेत्याचाच. गिरणीमालकाच्या हिशेबात ट्रकभाडे असते, गोदामभाडे असते, बारदानाची किंमत असते, परंतु बार्जचे भाडे आणि बार्जवर भिजलेल्या गोण्या अनेकदा नसतात, कारण 'बंदरापर्यंत आपले' असे त्याने मनाशी धरलेले असते.

भिजणे हा तांदळाचा सर्वांत मोठा शत्रू असल्याने विम्याकडेही बारकाईने पाहावे लागते. 'सी.आय.एफ.' या शर्तीत विकणारा माल, विमा आणि पोहोचबंदरापर्यंतचे भाडे असे तिन्ही खर्च भरतो, पण जोखीम माल जहाजावर ठेवल्याबरोबर घेणाऱ्याकडे गेलेली असते. विकणारा विमा उतरवतो तो दुसऱ्याच्या जोखमीचा. वेगळे काही ठरले नसेल तर हा विमा करारातल्या किमतीच्या ११० टक्के रकमेचा आणि किमान संरक्षणाचा, म्हणजे मालविम्याच्या प्रमाण संस्था-कलमांतल्या 'सी' वर्गाचा पुरतो. 'सी' वर्गात आग, जहाज बुडणे, रुतणे, आदळणे अशी मोठी संकटे येतात, पण चोरी येत नाही आणि वाटेत पावसाने भिजणेही येत नाही. 'विमा आहे' या दोन शब्दांवर निश्चिंत झालेल्या खरेदीदाराला गोणीवरची ओल दिसेपर्यंत हा फरक कळत नाही. त्यामुळे तांदळासारख्या मालासाठी 'ए' वर्गाचे व्यापक संरक्षण करारात लिहून घेणे हा चांगल्या कारागिरीचा भाग मानावा लागतो.

खर्चाच्या वाटणीत सरकारचाही अदृश्य हात असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने तुकडा तांदळाच्या निर्यातीवर बंदी आणि इतर अनेक बिगर-बासमती तांदळांवर २० टक्के निर्यातशुल्क लावले, तेव्हा सौदे आधीच झालेले होते, खरेदीदार वाढीव रक्कम देण्यास तयार नव्हते आणि बंदरांत माल अडकून पडला. एफ.ओ.बी. शर्तीत निर्यातीचे सोपस्कार आणि त्यांवरचे शुल्क विकणाऱ्याचे असते. माल विक्री अधिनियमाच्या कलम ६४अ मध्ये करारानंतर वाढलेले सीमाशुल्क किमतीत मिळवण्याची मुभा असली, तरी करारातून वेगळा हेतू दिसत असेल तर ती लागू होत नाही, आणि परदेशी खरेदीदाराचा करार भारतीय कायद्यानेच चालतो असेही नाही. नवे शुल्क कोणाचे, ही एक ओळ ज्यांनी लिहून घेतली होती त्यांची स्थिती बरी होती.

अभनपूरची वाट आता बदलते आहे. जुनी छोटी लोहवाट जाऊन रुंदमापी आली आणि ३० मार्च २०२५ रोजी रायपूर ते अभनपूर मेमू गाडी सुरू झाली. जवळच्या झांकी गावापासून विशाखापट्टणमकडे सुमारे ४६४ किलोमीटरांचा सहापदरी महामार्ग आखलेला आहे. रस्ता आखूड झाला तरी त्याचे तुकडे कोणाचे, हे ठरवणे चुकत नाही; आणि माल जेव्हा एक पाऊलही हललेला नसतो तेव्हाही ते चुकत नाही. धान खरेदी केंद्रावर कमाल १७ टक्के ओलाव्याचे धान ४० किलोच्या कट्ट्यांत भरून, सुतळीने शिवून, थप्प्यांत रचले जाते, आणि 'डी.ओ.', म्हणजे उचलीचा आदेश, निघून ट्रक येईपर्यंत ते उन्हात सुकत राहते. छत्तीसगडी बोलीत या घटीला 'सूखत' म्हणतात. धानातले पाणी उडून गेलेले असते, कोणी काही चोरलेले नसते, पण कट्टा पुन्हा काट्यावर चढतो तेव्हा वजन कमी भरते, आणि ती तूट केंद्र चालवणाऱ्या सोसायटीच्या वहीत लिहायची की उचल लांबवणाऱ्याच्या, यावर त्या काट्यापाशी उभे राहून दरवर्षी वाद होतो.