दगडाची आस

६ सप्टेंबर १९१० च्या संध्याकाळी इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरच्या कथीड्रलमध्ये जमलेले सुमारे दोन हजार श्रोते मुख्यतः एल्गारचे ‘द ड्रीम ऑफ जेरॉन्शियस’ ऐकायला आले होते. त्याआधी एका सदतीस वर्षांच्या संगीतकाराची पाव तासाची नवी रचना होती आणि ती तो स्वतःच संचालित करणार होता. संगीतकाराचे नाव राल्फ व्हॉन विल्यम्स, रचनेचे नाव ‘फँटेसिया ऑन अ थीम बाय थॉमस टॅलिस’. वाद्ये फक्त तंतुवाद्येच, पण तीन गटांत वाटलेली: एक मोठा वाद्यवृंद, त्यापासून वेगळा बसवलेला नऊ जणांचा छोटा वृंद आणि चार एकल वादक. मोठ्या वृंदाने वाक्य म्हणायचे आणि दुरून छोट्याने त्याचा पडसाद द्यायचा, अशी ही योजना. आता प्रश्न असा की ज्या वास्तूत पडसाद आपोआपच उठतो, तिच्यासाठी लिहिताना पडसादासाठी नऊ माणसे वेगळी कशाला बसवायची? त्याचे उत्तर शोधू गेले की ग्लॉस्टरच्या संगीताचा सगळा इतिहास हाताशी येतो. या जागेत जे गायले-वाजवले गेले, त्याच्या कर्त्यांमध्ये वास्तूलाही धरले पाहिजे, असे मला वाटते. ती नुसती सभागृह म्हणून उभी नव्हती. सूर किती वेळ टिकावा, एका स्वरसंघातून दुसऱ्यात कधी जावे, हे ठरवण्यात तिचा वाटा होता.

आधी वास्तू पाहू. मूळचा हा बेनेडिक्टाईन मठ. सेर्लो नावाच्या मठाधिपतीने १०८९ मध्ये चर्चचे बांधकाम सुरू केले आणि ११०० मध्ये त्याचा अभिषेक झाला. मुख्य दालनातले गोल खांब तीस फुटांहून उंच आणि इतके जाडजूड आहेत की त्यांच्यापुढे वरची कमान चिमुकली वाटते. काही खांबांवर तांबूस डाग आहेत. ११२२ ची आग तिथे लागून गेली आहे. दगड आवाज जवळजवळ पितच नाही. कापड, गालिचे, लाकूड जो नाद गिळतात तो इथे भिंतीवरून छताकडे, छतावरून खांबाकडे फिरत राहतो आणि काही सेकंद विरत नाही. अशा जागी मठातले साधू दिवसातून अनेक वेळा एकसुरी प्रार्थना गात. पुढचा स्वर लागेपर्यंत मागचा हवेतच असतो. आपल्याकडे गवयाच्या मागे तानपुरा जे काम करतो, ते इथे छत करते: गाणाऱ्याला आधार देते आणि घाई केली तर लगेच चव्हाट्यावर आणते. फरक एवढाच की हा तानपुरा जुळवून घेता येत नाही. गाणाऱ्यालाच त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. बांधणाऱ्यांनी संगीताचा विचार केला होता, याला पुरावा काय? पुरावा नाही, आणि तो शोधण्याची गरजही नाही. १३२७ मध्ये दुसरा एडवर्ड मारला गेला, त्याला इथे पुरले आणि त्यानंतर काही वर्षांतच जुन्या नॉर्मन गायनकक्षावर उभ्या रेषांचा नवा, हलका साज चढवला गेला. पूर्वेची प्रचंड काचखिडकी १३५० च्या सुमाराची, बावीस मीटर उंच. ओवऱ्यांचे पंख्यासारखे छत त्याच शतकाच्या उत्तरार्धातले. हा सगळा खटाटोप प्रकाशासाठी, राजाच्या थडग्याच्या मानासाठी आणि मठाच्या दिमाखासाठी होता. नादाचे गणित कुणी मांडले नव्हते. उलट, खिडकीमागून जाणारी ती चिंचोळी वाट पाहावी. खिडकीला अडथळा नको म्हणून ती वळसा घालून नेली आणि परिणाम असा झाला की एका टोकाला कुजबुजलेले दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू येते. कुणाच्याही मनात नव्हते, पण झाले. मात्र हेतू नव्हता म्हणून परिणाम खोटा ठरत नाही. नदीनेही घाट ठरवून कोरलेला नसतो, तरी रस्ता घाटातूनच काढावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड, आणि तो संगीताच्या आतून येतो. घुमारा शब्दांचा शत्रू आहे. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांची तक्रार हीच होती की चर्चमधल्या गुंतागुंतीच्या गायनात प्रार्थनेचा शब्द बुडतो. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले, १५४१ मध्ये ग्लॉस्टरचा मठ कथीड्रल झाला आणि पुढे इंग्रजी प्रार्थना आल्यावर संगीतकारांना नवी शिस्त पाळावी लागली: शक्यतो एका अक्षराला एक स्वर, शब्द कानावर स्वच्छ पडला पाहिजे. थॉमस टॅलिस लॅटिनमध्येही वाकबगार होता आणि या नव्या शिस्तीतही. आर्चबिशप मॅथ्यू पार्करच्या पद्यमय स्तोत्रसंग्रहासाठी त्याने १५६७ मध्ये नऊ चाली दिल्या. साध्या, चार आवाजांच्या, शब्दाला धरून चालणाऱ्या. म्हणजे ज्या चालीवर ‘फँटेसिया’ उभी आहे, ती मुळात घुमाऱ्यावर मात करण्याच्या काळातली आहे. १९०६ च्या ‘इंग्लिश हिम्नल’चे संपादन करताना व्हॉन विल्यम्सला ती सापडली. त्याने काय केले? शब्द काढून टाकले. मग तीनशे त्रेचाळीस वर्षांपूर्वी स्पष्टतेसाठी आखलेली ती चाल त्याने त्या घुमाऱ्याच्या स्वाधीन केली. नऊ जणांचा दुसरा वृंद कशासाठी, हे इथे उमगते. वास्तूचा पडसाद जे बोललात तेवढेच परत देतो. छोटा वृंद तो पडसाद विचारपूर्वक देतो, थोडा बदलून, थोडा मागे रेंगाळून. खरा पडसाद आणि लिहिलेला पडसाद एकमेकांत मिसळतात आणि कुठला कुणाचा, हे कानाला कळेनासे होते.

कुणी म्हणेल, ही रचना जगभरच्या सभागृहांत वाजते, ध्वनिमुद्रणांतून घराघरांत पोचते, मग ग्लॉस्टरचे कौतुक कशाला? अगदी खरे, ती सगळीकडे चालते. पण ती चालते ती ग्लॉस्टरचे अंतर सोबत घेऊन. दुसरा वृंद शक्य तर पहिल्यापासून लांब बसवावा, अशी संगीतकाराची सूचना आहे. म्हणजे कोरड्या सभागृहातही एक छोटे कथीड्रल उभारण्याची सोय त्याने कागदावरच करून ठेवली आहे.

त्या संध्याकाळी श्रोत्यांमध्ये दोन तरुण होते. दोघेही कथीड्रलचे ऑर्गनवादक हर्बर्ट ब्रूअर यांचे शिष्य: सतरा वर्षांचा हर्बर्ट हॉवेल्स आणि वीस वर्षांचा आयव्हर गर्नी. ‘फँटेसिया’ने दोघांची झोप उडाली आणि रात्री ते ग्लॉस्टरच्या रस्त्यांवरून भटकत राहिले, असे हॉवेल्स पुढे सांगत असे. माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा हॉवेल्स आहे आणि सर्वांत अडचणीचा गर्नी. हॉवेल्सने संध्याकाळच्या प्रार्थनेतली, ‘मॅग्निफिकॅट’सह, तीच दोन स्तोत्रे आयुष्यभर पुन्हा पुन्हा स्वरबद्ध केली, आणि अनेकदा एका ठरावीक वास्तूसाठी: १९४५ मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजसाठी, १९४६ मध्ये ग्लॉस्टरसाठी, १९५१ मध्ये लंडनच्या सेंट पॉलसाठी. शब्द तेच. पण सेंट पॉलचा घुमट आवाज फार वेळ धरून ठेवतो, म्हणून तिथे स्वरसंघ सावकाश बदलतात. भराभर बदलले असते तर नुसता काला झाला असता. वास्तू ऐकून लिहिणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. त्याचे ‘हिम्नस पॅराडिसी’ही १९५० मध्ये ग्लॉस्टरमध्येच प्रथम सादर झाले. १९३५ मध्ये त्याचा नऊ वर्षांचा मुलगा पोलिओने गेला, त्या दुःखातून ते आले होते.

गर्नी मात्र या चौकटीत बसत नाही. तो याच कथीड्रलमधला बालगायक. याच खांबांमध्ये त्याचा कान तयार झाला. पण त्याने लिहिली ती मुख्यतः एक आवाज आणि पियानो यांची गाणी, दिवाणखान्याच्या मापाची. महायुद्धात तो खंदकांत गेला, गोळी लागली, विषारी वायूचा त्रास झाला, १९२२ पासून तो मनोरुग्णालयात राहिला आणि १९३७ मध्ये तिथेच वारला. ग्लॉस्टर त्याच्या कवितांत जागोजागी आहे, पण त्याच्या स्वरांत तो घुमारा मला ऐकू येत नाही. तेव्हा वास्तू माणसाला भाग पाडते, असा दावा मी करणार नाही. ती शिकवते. काही जण ते शिकतात, काही जण दुसरेच काही घेऊन बाहेर पडतात.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. कथीड्रलच्या संगीताला ‘हजार वर्षांची अखंड परंपरा’ म्हणण्याची खोड पर्यटन-पुस्तिकांना आहे. अखंड वगैरे काही नाही. १५४० मध्ये साधूंचे गायन थांबले. १६४० च्या दशकातल्या यादवीत ग्लॉस्टर पार्लमेंटच्या बाजूने लढले आणि प्युरिटन राजवटीत इंग्लंडभर कथीड्रलमधली गायकवृंदांची सेवा बंद पडली. १६६० नंतर ती नव्याने बसवावी लागली. थॉमस हॅरिसच्या ऑर्गनची १६६६ ची नक्षीदार लाकडी चौकट अजून दिसते, ती त्या पुनरारंभाची. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ग्लॉस्टर, वूस्टर आणि हेरफर्ड यांचे गायकवृंद दरवर्षी एकत्र येऊ लागले आणि त्यातून थ्री क्वायर्स फेस्टिव्हल घडला. तोही बिनबोभाट चालला नाही. कथीड्रलमध्ये मंच उभारून तिकिटे विकणे पाद्र्यांना इतके खटकले की १८७५ मध्ये वूस्टरचा महोत्सव वाद्यवृंदाविनाच झाला. ग्लॉस्टरला १८६५ ते १८७६ ऑर्गनवादक असलेल्या सॅम्युएल सेबॅस्टियन वेस्लीने तर कथीड्रल-संगीताच्या दुरवस्थेवर १८४९ मध्येच खरमरीत पुस्तिका लिहिली होती. मुलींना या वृंदांत जागा मिळायला विसावे शतक संपत यावे लागले. १९९१ मध्ये सॉल्झबरीने सुरुवात केली, ग्लॉस्टर त्याच्याही मागून आले. परंपरा म्हणून मिरवण्याआधी एवढे मान्य करावे. माणसांची साखळी पुन्हा पुन्हा तुटली आणि पुन्हा जोडली गेली. जोडणाऱ्या प्रत्येक पिढीला मात्र तोच घुमारा समोर सापडला आणि त्याच्याशी पहिल्यापासून जमवून घ्यावे लागले.

हे पटत नसेल तर ग्लॉस्टरला जाण्याची गरज नाही. हॉवेल्सची किंग्ज कॉलेजसाठीची आणि सेंट पॉलसाठीची ‘मॅग्निफिकॅट’ लागोपाठ ऐका. शब्दांकडे लक्ष देऊ नका. एक स्वरसंघ दुसऱ्याला जागा द्यायला किती वेळ घेतो, तेवढेच मोजा.