अण्णांचा पिंपळ

आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम., आणि उरलेला वेळ वस्तीतल्या कामांत. झाडांची विद्या आम्ही रीतसर कुठेच शिकलो नाही. तरीही २०२४ च्या जानेवारीत एका रविवारी आम्ही गॅलरीत बसून एका पिंपळाचे खोड मोडून ठेवले, त्याची ही हकीकत.

पिंपळ आमच्या वडिलांचा. २००८ साली चाळीच्या पाण्याच्या टाकीच्या भिंतीत तो उगवला होता. दुरुस्तीवाले मुळात ॲसिड ओतणार हे कळताच अण्णांनी छिन्नीने भिंत खरवडून तो काढला आणि तेलाच्या डब्यात लावला. पुढे तो उथळ कुंडीत आला. २०२० साली अण्णा गेले. तेव्हापासून त्याला पाणी घालायचे काम आईने आपल्याकडे घेतले. पिंपळ आपल्या घरांत नुसते झाड नसतेच, त्यात हा अण्णांचा.

पण वाढला होता छत्रीच्या दांडीसारखा सरळ. बोन्सायच्या प्रदर्शनातली वळणदार खोडे आमच्या डोळ्यांसमोर होती. आपल्याही झाडाला बाक द्यावा असे मनाने घेतले. आईला विचारले नाही. घरातल्या बायकांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका, असे सभांमधून आम्हीच सांगत असतो. असो.

तार आणली भंगारवाल्याकडून. खोड अंगठ्याहून जाड, तार मात्र बारीक, म्हणून दुपदरी केली. फेरे घातले, पण बाक द्यायचा होता त्याच्या बाहेरच्या अंगाला तारेचा एकही फेरा आला नाही. दोन्ही हातांनी धरून दाबले. आणखी थोडे, आणखी थोडे. आणि कट् असा आवाज झाला.

बाकाच्या बाहेरच्या बाजूला दोन बोटे लांबीची भेग, आणि तिच्यातून पांढरा चीक ओघळू लागलेला. आई बाजारात गेली होती.

वस्तीत एक माळीकाका आहेत, सरकारी बागेतून निवृत्त झालेले. त्यांना जवळजवळ ओढतच आणले. त्यांनी भेग पाहिली आणि आधी आमची शाळा घेतली. "थंडीत झाड सुस्त असतं, तेव्हा कुणी वाकवतं का? पिंपळाचं काम पावसाच्या तोंडावर. आणि सकाळी पाणी घातलंत ना? पाण्यानं फुगलेलं खोड ताठ असतं, ते तडकणारच. जाड खोडाला आधी ओलं सोपट गुंडाळायचं, मग तार. आणि एका दिवसात एवढा बाक? महिनामहिना थांबून थोडा थोडा द्यायचा असतो, साहेब."

तार उलट फिरवून काढू लागलो, तर त्यांनी हात धरला. तुकडे करून काढा म्हणाले, नाहीतर उरलेली सालही जाईल. मग बाक पूर्ण न सोडता, भेगेचे तोंड मिटेल एवढाच सैल केला. चीक थांबेपर्यंत वाट पाहिली, ओल्या फडक्याने टिपला. सालीच्या आतला हिरवा पदर त्यांनी दाखवला. "जीव इथं. हा पदर पदराला भिडला तर जुळेल. आतलं लाकूड काही जुळत नाही, त्याच्यावरून नवी साल चढते."

फुलवाल्याकडचे केळीचे सोपट भिजवून त्यांनी भेगेवर घट्ट गुंडाळले, वर कलमाची पट्टी, आणि पाणी आत शिरू नये म्हणून वरच्या कडेला मेण. खोडाला बांबूच्या कामटीचा टेकू दिला. अनुराधापूरच्या बोधिवृक्षाच्या फांद्यांनाही टेकू आहेत, हे आठवून तेवढाच धीर आला. खत नाही, छाटणी नाही, कुंडी बदलणे नाही, सावलीत ठेवा, असे बजावून काका गेले.

आम्ही कुंडी अशी फिरवून ठेवली की पट्टी भिंतीकडे जाईल.

फेब्रुवारी अखेरीस पाने पिवळी पडू लागली. मार्चमध्ये झाड बोडके झाले. पिंपळ या दिवसांत पाने टाकतोच, हे ठाऊक असूनही झोप लागेना. एका रात्री उठून नखाने फांदी हलकेच खरवडली, खाली हिरवे दिसले. तरी सकाळी आईसमोर बसून सगळे सांगून टाकले.

आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं. कुंडीचं तोंड कधी भिंतीकडं असतं का? पट्टीवर पाणी जाऊ नये म्हणून तांब्या सोडून कपानं घालतेय दोन महिने."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगतोस का ते बघत होते."

आठवड्याभरात शेंड्याला तांबूस पालवी फुटली.

जूनमध्ये, पहिला पाऊस झाल्यावर, पट्टी सोडली. भेगेच्या जागी जाड वळ उठला होता. वरच्या टोकाला नखभर जागा उघडीच होती, ती अजूनही पूर्ण भरलेली नाही. बाकही हवा तसा आला नाही, अर्ध्यावरच राहिला. आईने चष्मा लावला आणि त्या गाठीवरून बोट फिरवले.

"तुझ्या अण्णांचा गुडघा असाच होता," ती म्हणाली, आणि कुंडी उचलून उन्हात ठेवायला लावली.