शेवटचा सकार

'लेट गो द स्प्रिंग' आणि 'लेट गो द स्प्रिंग्ज'. जहाज धक्क्यावरून सुटताना दिल्या जाणाऱ्या या दोन आज्ञांमध्ये फरक आहे तो शेवटच्या एका आवाजाचा. स्प्रिंग म्हणजे जहाज पुढेमागे सरकू नये म्हणून धक्क्याच्या कडेनं तिरका ताणलेला दोर. एक सोडायचा की दोन्ही, हे त्या शेवटच्या आवाजावर ठरतं. पुस्तकात तो 'झ' आहे. पण वाक्याच्या अखेरीस त्यातला घोष विरतो आणि उरतो नुसता श्वास, जवळजवळ 'स'. न्हावा शेव्यात राहायचं, लॅपटॉपसमोर बसून परदेशातल्या पोरांना हा सकार शिकवायचा आणि आलेल्या पैशांत जग बघायचं, असा प्रस्तुत मास्तरांचा उद्योग. (मास्तर म्हणजे हा लेख लिहिणाराच. 'मी' म्हणून लिहिलं की फुशारकी लगेच उघडी पडते. 'मास्तर' म्हटलं की जरा आडोसा मिळतो.)

अलीकडे मास्तरांना हा सकार ऐकू येत नाही.

हे त्यांना दुसऱ्यानं सांगावं लागलं. शेजारची एक मुलगी याच धंद्यात यायचं म्हणून अधूनमधून तासाला येऊन बसते. इयरफोनची एक बाजू तिच्या कानात, दुसरी मास्तरांच्या. समोर हाय फाँगचा एक तरुण खलाशी आज्ञा वाचत होता. व्हिएतनामी शब्द स्वरावर थांबतो, अनुनासिकावर थांबतो, फार तर 'प', 'त', 'क'वर थांबतो. 'स'वर कधीच थांबत नाही. म्हणून त्या पोरांचं सगळं अनेकवचन घशातच राहतं. मास्तर प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. तास संपल्यावर मुलगी म्हणाली, "काका, त्यानं शेवटचा 'स' एकदाही काढला नाही."

"काढला की. मी ऐकला."

"नाही काका. परत लावून बघा."

परत लावला. मास्तरांना परत ऐकू आला. तिला परत नाही.

पनवेलच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कागदावर आलेख काढून दिला. दोन हजार हर्ट्झपर्यंत रेषा शहाण्यासारखी सरळ, चार हजारांच्या पुढे उतार. आणि 'स'चा बहुतेक संसार त्या उतारावरच, चार ते आठ हजारांच्या दरम्यान. वयोमानानं होतं, ते म्हणाले. यंत्र लावता येईल. मास्तरांनी किंमत विचारली आणि विषय बदलला. परवडत नव्हतं असं नाही. कॅमेऱ्यात कान दिसतो.

कमी ऐकू येणं एक वेळ समजू शकतं. न काढलेला 'स' ऐकू येणं, याचं काय करायचं? त्यालाही उत्तर आहे आणि ते मास्तरांच्या तरुणपणाहूनही जुनं आहे. १९७० साली रिचर्ड वॉरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं एका ध्वनिमुद्रित वाक्यातल्या 'लेजिस्लेचर्स' या शब्दातला मधला 'स' कापून काढला आणि तिथं खोकला चिकटवला. ऐकणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणालाच काही गहाळ झाल्याचं कळलं नाही. मेंदूनं तो 'स' स्वतःच्या खिशातून भरला होता. इंग्रजी जितकं पक्कं, तितका खिसा भरलेला. म्हणजे मास्तर वर्षानुवर्षं विद्यार्थ्याचं इंग्रजी तपासत होते की स्वतःचंच, हा प्रश्न निघतो. त्याचं उत्तर मास्तरांना आवडलेलं नाही.

या कानाचा तोरा फार होता. तोऱ्याचं मूळ इथल्याच मातीत आहे. उरण-पनवेलच्या आगरी बोलीत 'ण'चा 'न' होतो आणि 'ळ'चा 'ल'. शाळेत 'पानी' म्हटलं की वर्ग हसायचा आणि गुरुजी उभं करून 'पाणी, पाणी' म्हणायला लावायचे. त्या पोरानं, म्हणजे लहानपणीच्या मास्तरांनी, मग ठरवलं की जगातला कुठलाही आवाज आपल्याला चकवू शकणार नाही. तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं; पहिलीपासून आलं ते २००० साली. उशिरा आलेल्या भाषेवर त्यानं जरा जास्तच जीव लावला. पुढे परदेशी विद्यार्थी 'तुम्ही लंडनमध्ये किती वर्षं होता?' असं विचारू लागले, तेव्हा मास्तर 'नव्हतो' एवढंच सांगायचे आणि दिवसभर खुशीत असायचे.

न्हावा शेव्याला इंग्रजी आलं ते बंदराबरोबर. १९८४च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, आणि १९८९च्या मे महिन्यात जेएनपीटी हे बंदर सुरू झालं. मिठागरं आणि भातशेती गेलेल्या घरांतली पोरं सीएफएसच्या, म्हणजे कंटेनर-गोदामांच्या, गेटवर चिकटली. त्यांचं इंग्रजी कागदावरचं: डीओ, बीएल, सील नंबर, गेट पास. मास्तरही तिथंच घडले. वॉकीटॉकीवर 'फिफ्टीन' म्हणावं आणि पलीकडच्यानं 'फिफ्टी' ऐकावं, मग ट्रेलर भलत्याच रांगेत जाऊन उभा राहावा, हे रोजचं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २००१ साली जहाजावरच्या बोलण्यासाठी ठरावीक वाक्यांचा संच मंजूर केला. त्यात आकडे एकेक करून उच्चारायचे असतात, 'वन-फाइव्ह', ते काही उगाच नाही. जुना टेलिफोन तीनशे ते चौतीसशे हर्ट्झ एवढंच पोचवायचा. त्या पट्ट्यात 'एस' आणि 'एफ' सख्खे भाऊ वाटतात, म्हणून 'सिएरा' आणि 'फॉक्सट्रॉट' म्हणावं लागतं.

कंटेनरच्या नंबराचं मास्तरांना म्हणूनच कौतुक. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी एक चेक डिजिट. आधीच्या अक्षर-आकड्यांचा हिशेब करून हा सातवा आकडा निघतो. लिहिताना कुठं चूक झाली की तो बहुतेक वेळा जुळत नाही आणि क्लार्क तिथंच थांबतो. बोलण्याला असा सातवा आकडा नाही. चुकलेलं वाक्यही पास होऊन गेटबाहेर पडतं.

तासांसाठी 'ओरिजिनल साउंड' (आवाज न गाळता पाठवण्याची सोय) चालू ठेवायचं, ब्लूटूथ बाजूला ठेवून वायरचा माइक घ्यायचा, हे धंद्यातल्या कुणालाही सांगायला नको. कोलाहल गाळणाऱ्या सोयीला 'स' हा कोलाहलच वाटतो आणि ती तो झाडून टाकते. मास्तर त्याच्याही पुढे गेले. विद्यार्थ्यानं आपल्या फोनवर आवाज टिपायचा, फाइल पाठवायची, आणि ती मास्तरांनी प्रातमध्ये उघडायची. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आवाजाचं चित्र पडद्यावर उमटतं. 'स' म्हणजे वरच्या पट्ट्यातला काळा धुरकट डाग. डाग असला तर 'स' आहे, नसला तर नाही. कानानं लाच खाल्ली तरी डोळा खात नाही.

पण चित्र बघायला मिनिट लागतं, आणि शिकवणं चालतं बोलता बोलता. पोरानं आज्ञा म्हटली की तिथल्या तिथं भुवई वर जायला हवी. उद्या ईमेलनं भुवई पाठवून उपयोग नाही. म्हणून दुसरी युक्ती. कागद उलटा ठेवायचा. एक दोर की दोन, हे विद्यार्थ्यानं मनात ठरवायचं आणि आज्ञा द्यायची; मास्तरांनी एक किंवा दोन बोटं दाखवायची. वाक्याचा आधार काढून घेतला की खिसा रिकामा होतो. हा खेळ पहिल्यांदा खेळले तेव्हा छापा-काटा करून जेवढं बरोबर आलं असतं, तेवढंच मास्तरांचं आलं. मुलीचं सगळं बरोबर. मास्तर विद्यार्थ्याला म्हणाले, "नेटवर्क इश्यू." या धंद्यात नेटवर्क हे सगळ्यांचं माहेर आहे.

हाय फाँगला मास्तर प्रत्यक्ष जाऊन आले. ते जातात तिथं बहुतेक बंदरंच असतात: कोलंबो, पेनांग, हाय फाँग. नवा धक्का दिसला की आधी क्रेन मोजायच्या, मग देऊळ बघायचं. हनोईहून हाय फाँगला जाणारा, फ्रेंचांनी १९०२ साली सुरू केलेला शंभरेक किलोमीटरचा रेल्वेमार्ग म्हणजे मास्तरांच्या लेखी प्रवासाचा कळस. लोक समजतात तसा हा प्रवास नसतो, हेही सांगायला हवं. खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा खिडकी न उघडता वायफायचा वेग तपासायचा. भिंती घुमतात म्हणून गादी उभी करून लॅपटॉपमागे टेकवायची. जपान आपल्यापुढे साडेतीन तास, व्हिएतनाम दीड तास, हे गणित देश बदलला की पुन्हा मांडायचं. तर, त्या खलाशाच्या घरी समोरासमोर बसून तास झाला आणि मास्तरांना प्रत्येक गाळलेला 'स' कळला. जीभ वर गेली की नाही हे दिसतच होतं. मास्तर हुरळून परत आले. घरी लॅपटॉप उघडला, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

प्रतिस्पर्ध्यांबद्दल मास्तरांची मतं आहेत आणि ती न्याय्य असतीलच असं नाही. 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' वाल्यांबद्दल ते बोलत नाहीत. फाडफाड हा कपड्याचा गुण आहे. गोऱ्या शिक्षकांचा जमाना त्यांनी लांबून पाहिला. २०१३ साली निघालेल्या बीजिंगच्या व्हीआयपीकिडसारख्या कंपन्या अमेरिका-कॅनडातल्या हजारो मंडळींना पंचवीस-पंचवीस मिनिटांचे तास द्यायच्या. त्यांतले कितीतरी बाली नाहीतर मेक्सिकोत राहून शिकवायचे. जुलै २०२१मध्ये चीन सरकारनं परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून शिकवून घ्यायला बंदी केली आणि हा बाजार बसला. भारतीय उच्चारवाल्याला त्या बाजारात दार बंदच होतं, त्यामुळे मास्तरांना दुःख झालं नाही. उलट थोडं बरंच वाटलं. खरी भीती फिलिपिनो शिक्षकांची. टोकियोची रेअरजॉब कंपनी २००७पासून त्यांच्या जोरावर जपान्यांना शिकवते आहे. त्यांची चिकाटी आणि न खोटं वाटणारं हसू मास्तरांकडे नाही. मास्तरांकडे कान होता.

आता फोनमधलं यंत्रच शिकवू लागलंय. त्याला मास्तर नाकं मुरडायचे, कारण ते यंत्र आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द ताडतं. पोरानं 'टू रोप' म्हटलं तरी पडद्यावर 'टू रोप्स' उमटवून शाबासकी देतं. हे असलं कसलं ऐकणं, असं ते चारचौघांत म्हणायचे. हल्ली म्हणत नाहीत. रोग एकच निघाला.

भाषा शिकवून जग बघण्याची परंपरा मराठी माणसाला नवी नाही, असं मास्तर पाहुण्यांना ऐकवतात. १८८३ साली इंग्लंडला गेलेल्या पंडिता रमाबाईंनी वाँटेजच्या मठात भारतात येऊ घातलेल्या भगिनींना मराठी शिकवलं, चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात संस्कृत शिकवलं, आणि पुढे अमेरिका पाहून त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. धर्मानंद कोसंबी पालीच्या बळावर हार्वर्ड आणि लेनिनग्राडपर्यंत पोचले. या रांगेत मास्तर स्वतःला कुठं बसवतात हे ते उघड सांगत नाहीत, पण पाहुण्याला अंदाज येतो.

गावाची गंमत अशी की आता निघायला फार सोयीचं झालंय. जानेवारी २०२४मध्ये शिवडीहून येणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू उघडला, त्याच दिवशी लोकल उरणपर्यंत आली आणि मधल्या एका स्टेशनाला न्हावा शेवा नाव मिळालं. २०२५च्या नाताळात नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली. ज्याच्या कमाईवर तिकीट काढायचं तो कान नेमका आता दगा देतोय.

सध्या व्यवस्था अशी आहे. उच्चाराचे तास मुलगी घेते आणि त्यांचे पैसे तिचे. मास्तर पत्रलेखन, मुलाखतीची तयारी आणि व्याकरण घेतात. प्रोफाइलवर मात्र अजूनही 'उच्चारतज्ज्ञ' असंच आहे. ते बदलायचं राहून गेलंय म्हणायला हरकत नाही, पण राहून गेलेलं नाही. यंत्राची चौकशी पुन्हा केली आहे. हेडफोनखाली ते शिट्टी वाजवतं, असं एका जाणकारानं सांगितलं. वाचकांपैकी कुणी कानात यंत्र घालून ऑनलाइन शिकवत असेल, तर कुठल्या बनावटीचं घेतलं आणि 'स' परत मिळाला का, एवढं कळवावं. उत्तर खाजगी ठेवलं जाईल.