कानाने वाचलेली आज्ञावली

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर किंवा मोंढ्यात एखाद्या जुन्या पेढीवरील मुनीमजींचे हात कधी लक्षपूर्वक पाहावेत. टॅलीत नोंद करताना ते माउसला क्वचितच स्पर्श करतात. रक्कम दिली की एफ-५, आली की एफ-६, विक्रीसाठी एफ-८. नजर समोरच्या पावतीवर आणि बोटे आपापल्या जागी. रोजमेळ आणि खतावणी लाल वहीतून संगणकात आली, तरी बोटांची शिस्त तीच राहिली. दृष्टिहीन माणूस संगणकाचे प्रोग्राम लिहितो असे ऐकून ज्यांना चमत्कार वाटतो, त्यांच्याच दुकानात त्या चमत्काराचा अर्धा भाग रोज घडत असतो. उरलेला अर्धा एवढाच, की पडद्यावर जे उमटले ते कानांना सांगणारे कोणीतरी हवे.

असे सांगणारे पूर्वी माणूसच असे. पंडित सुखलालजी संघवी यांचा जन्म १८८० सालचा, सौराष्ट्रातील लिमली गावच्या व्यापारी कुटुंबातला. सोळाव्या वर्षी देवीच्या आजाराने त्यांची दृष्टी गेली. पुढे काशीस जाऊन त्यांनी दर्शनशास्त्रांचे अध्ययन केले, पंडित बेचरदासजींच्या साहाय्याने ‘सन्मतितर्क’ या ग्रंथाचे संपादन सिद्धीस नेले आणि १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण लाभले. एवढी विद्वत्ता, पण ग्रंथ उघडायचा तर वाचून दाखवणारा समोर हवा. त्याला सवड नसेल, तर पान मिटलेलेच.

ही परस्वाधीनता ज्यांना मुळातूनच खुपली, त्यांत पुण्याचे टी. व्ही. रमण यांचे नाव आधी घ्यावे लागेल. त्यांचा जन्म १९६५ चा. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पुणे विद्यापीठातून गणिताची पदवी, मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र आणि नंतर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ असा त्यांचा मार्ग. तेथे १९९४ मध्ये त्यांनी डॉक्टरेटसाठी गणित ऐकवणारी प्रणाली सिद्ध केली. समीकरण एका ओळीत वाचून दाखवले की अंश कोठे संपला आणि छेद कोठे सुरू झाला हेच कळेनासे होते. रमण यांच्या प्रणालीत घातांक वरच्या स्वरात उच्चारला जाई आणि समीकरणाची रचना कानाला उमगे. कॉर्नेल विद्यापीठाने पदवी दिली ती या प्रबंधाला. पण रोजच्या उपयोगाची गोष्ट पुढच्या वर्षी आली. ‘इमॅक्स’ या मजकूर-संपादकाला त्यांनी वाणी दिली आणि ‘इमॅकस्पीक’ सर्वांसाठी विनामूल्य खुले केले.

त्यातील कल्पना समजून घेण्याजोगी आहे. पडदा वाचणारी इतर साधने पडद्यावर आलेले शब्द ओळीने बोलून दाखवत. इमॅकस्पीक संपादकाच्या आत बसते. त्यामुळे समोरचा शब्द भाषेची आज्ञा आहे, की प्रोग्रामरने स्वतःच्या आठवणीसाठी लिहिलेली टीप, हे त्याला ठाऊक असते. डोळस प्रोग्रामरला हे भेद रंगांनी दिसतात. इमॅकस्पीक ते निरनिराळ्या आवाजांत ऐकवते. डोळ्यांसाठी काढलेल्या चित्राचे वर्णन करीत बसण्यापेक्षा तीच माहिती प्रथमपासून कानांसाठी मांडावी, हा यातील विचार. सुविधा म्हणजे उपकार नव्हे, मांडणीचा प्रश्न आहे, हे अनेक व्याख्यानांनी पटले नसते ते या एका साधनाने पटवले.

गंमत अशी, की दृष्टिहीनांची वाट संगणकाच्या प्रगतीनेच मध्यंतरी अडवली होती. पडद्यावर केवळ अक्षरे असत तेव्हा ती बोलून दाखवणे तुलनेने सोपे होते. नव्वदच्या दशकात विंडोज घरोघरी आले, अक्षरांच्या जागी चित्रे आणि माउसचा बाण आला, आणि ज्यांची कामे बिनबोभाट चालली होती त्यांच्या नोकऱ्या संकटात आल्या. विंडोज वाचून दाखवणारी साधने निघाली, परंतु त्यांचे परवाने सामान्य घराला झेपणारे नव्हते. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने ‘एनव्हीडीए’ हा पडदावाचक लिहावयास घेतला आणि तो विनामूल्य ठेवला. जेम्स टेह हे त्यांचे सहकारीही दृष्टिहीनच. आज तो मराठीही बोलतो. उच्चार यांत्रिक आहेत, पण अर्थ पोहोचतो. मात्र जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेला मराठी मजकूर त्याच्यापुढे ठेवला की निरर्थक अक्षरांची रास ऐकू येते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या कित्येक पत्रिका आजही अशाच जुळवलेल्या असतात.

कायद्याची बाजू थोडक्यात. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा गाठता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तथापि घराघरांतील निर्णय न्यायालयात होत नसतात. व्यापारी कुटुंबातील मुलाची दृष्टी गेली की सारे घर त्याच्याभोवती गोळा होते. त्याला काही कमी पडू द्यायचे नाही, गादीवर त्याची जागा कायम, असे प्रेमाने ठरते. त्या प्रेमात खोट नसते. मात्र त्या मुलाला काय करावयाचे आहे, हा प्रश्न बहुधा राहून जातो.

धाकट्या भावंडासोबत तो कोडिंगच्या वर्गाला गेला, तर अडचण पहिल्याच दिवशी येते. लहान मुलांना प्रोग्रामिंग शिकवण्यासाठी ‘स्क्रॅच’सारखी साधने वापरतात, त्यांत रंगीत ठोकळे माउसने ओढून एकमेकांना जोडायचे असतात. भावंडाचे मांजर पडद्यावर चालू लागते आणि हा नुसता बसून राहतो. मुलगा हुशार नाही असा शेरा तेथेच पडू शकतो, आणि दोष मात्र असतो ठोकळ्यांचा. शिक्षकाने ते बाजूला सारून त्याला पायथॉनच्या दोन ओळी टंकायला सांगितल्या, तर चित्र बदलते. पायथॉनमध्ये ओळीच्या आरंभी किती जागा सोडली यावर अर्थ ठरतो, आणि ती जागा एरवी डोळ्यांनाच दिसते. एनव्हीडीएमध्ये त्यासाठी एक सोय आहे. ओळ जितकी आत सरकलेली, तितका चढा सूर वाजतो; ओळ पुन्हा कडेला आली की सूर उतरतो. कोणती आज्ञा कोणाच्या पोटात आहे, हे मुलाला त्या सुरावरून कळते.